दुरून लांडगे साजरे

आमचे एक स्नेही सेवानिवृत्त झाल्यावर मुलाकडे अमेरिकेस गेले होते. परत आल्यावर त्यांनीं आम्हां चौघांना घरीं बोलावलें, चहा दिला, आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत काढलेलीं साडेतीनशें छायाचित्रें फोनवर एकामागून एक दाखविलीं. त्यांत गवे होते, अस्वलें होतीं आणि एक लांडगाहि होता. लांडगा काय करीत होता, असें मीं विचारलें. ते क्षणभर थबकले व म्हणाले, "तें कांहीं पाहिलें नाहीं बुवा, आम्ही फोटो काढीत होतों." हें उत्तर त्यांनीं अगदीं निष्कपटपणें दिलें, व म्हणूनच तें माझ्या मनांत घर करून बसलें. पुढें वादाच्या भरांत त्यांनीं जो पक्ष मांडला तो त्यांच्या एकट्याचा नसून आजच्या बहुसंख्य सुशिक्षितांचा आहे, म्हणून त्याचा येथें जाहीर परामर्श घेणें अवश्य वाटतें.

तो पक्ष असा: छायाचित्रामुळें लोकांस वन्य पशूंची ओळख होते, ओळखीमुळें प्रेम उपजतें, आणि प्रेमामुळें पशूंचें रक्षण होतें, सबब छायाचित्रें जितकीं अधिक तितकें पशूंचें कल्याण अधिक. ही सांखळी दिसावयास मजबूत आहे. परंतु मनुष्यास पशूची ओळख होते तेव्हां पशूलाहि मनुष्याची ओळख होत असते, ही गोष्ट तींत धरलेलीच नाहीं. आणि ही दुसरी ओळख पशूच्या जिवावर बेतते, असें माझें म्हणणें आहे.

प्रतिपक्षाचें जें न्याय्य आहे तें प्रथम कबूल करतों. यलोस्टोनचें उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. आदल्याच वर्षीं हेडनच्या पाहणी-तुकडीबरोबर गेलेल्या विल्यम हेन्री जॅक्सन यानें घेतलेलीं छायाचित्रें व टॉमस मोरान यानें रंगविलेलीं चित्रें अमेरिकेच्या काँग्रेसच्या सभासदांपुढें ठेवण्यांत आलीं होतीं, आणि कायदा होण्यास त्यांचें साहाय्य झालें. कॅमेऱ्याचें हें ऋण कोणीहि नाकारूं नये. पण जॅक्सननें चित्रें घेतलीं तीं मुख्यतः कशाचीं? उष्णोदकाच्या कारंज्यांचीं, धबधब्यांचीं, दरीचीं. धबधब्याकडे रोज हजार लोक पाहत राहिले म्हणून तो धीट होत नाहीं, किंवा उद्यानाची हद्द ओलांडून बंदुकीपुढें जाऊन उभा राहत नाहीं.

लांडग्याची कथा निराळी. १९२६ सालापर्यंत या उद्यानांतील लांडगे सरकारी नोकरांनींच मारून संपविले. पुढें १९९५ व १९९६ या दोन वर्षांत कॅनडांतून ३१ लांडगे आणून सोडण्यांत आले. आज लामार नदीच्या उघड्या खोऱ्यांत पहाटेस रस्त्याच्या कडेला उभें राहिलें तरी लांडगा दिसूं शकतो. जगांत इतक्या सुलभतेनें तो फार थोड्या ठिकाणीं दिसत असेल. यांपैकीं एक मादी शास्त्रज्ञांस ८३२ या क्रमांकानें, आणि प्रेक्षकांस तिच्या जन्मवर्षावरून 'शून्य-सहाची मादी' म्हणून ठाऊक होती. तिचीं छायाचित्रें देशोदेशीं गेलीं. डिसेंबर २०१२ मध्यें ती उद्यानाबाहेर वायोमिंग राज्याच्या हद्दींत गेली, आणि एका शिकाऱ्यानें तिला अगदीं कायदेशीर रीतीनें ठार केलें. तिची लेक, क्रमांक ९२६, २०१८ सालीं माँटाना राज्यांत तशीच मेली. २०२१-२२ च्या हिंवाळ्यांत तर माँटानानें उद्यानाच्या सीमेलगत असलेली शिकारीची मर्यादा उठविली, आणि उद्यानांतील पंचवीस लांडगे शेजारच्या राज्यांत मारले गेले. ओळखीनें रक्षण होतें म्हणतात. या मायलेकींपेक्षां अधिक ओळखीचे लांडगे पृथ्वीवर कोणते होते?

यावर उत्तर ठरलेलें आहे: गोळी शिकाऱ्यानें घातली, छायाचित्रकारानें नव्हे. खरें आहे. परंतु ज्या पशूनें जन्मापासून रस्त्यावर माणसांच्या रांगा पाहिल्या, आणि ज्याला त्या रांगांपासून कधीं इजा झाली नाहीं, त्यास माणूस म्हणजे एक निरुपद्रवी वस्तु असें वाटूं लागलें तर नवल काय? उद्यानाची सीमा नकाशावर असते. लांडग्यास ती कोणी वाचून दाखविलेली नसते. समोरच्या दुपायी प्राण्याच्या हातांत भिंग आहे कीं बंदूक, हें त्यानें ओळखावें कसें?

अस्वलांच्या बाबतींत तर या प्रेमाचा इतिहास लाजिरवाणा आहे. एके काळीं यलोस्टोनमध्यें हॉटेलांतील खरकटें व केरकचरा एका जागीं टाकून, समोर बांकें मांडून, अस्वलांच्या भोजनाचे जाहीर प्रयोग होत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते बंद पडले. तरी मोटार थांबवून अस्वलास खाऊ चारणें व त्याचें चित्र घेणें पुढें वीस-पंचवीस वर्षें चालूच होतें. १९३१ ते १९६९ या काळांत दरवर्षीं सरासरी ४८ माणसें उद्यानांत अस्वलांकडून जखमी झालीं. लहानपणीं आमच्या गांवीं दरवेशी अस्वल घेऊन येई. त्या अस्वलाच्या नाकांतील दोरीची आम्हां मुलांना दया येई, आणि तरीहि आम्ही आळीभर त्याच्यामागें फिरत असूं. तो धंदा आतां कायद्यानें बंद झाला आहे. यलोस्टोनच्या अस्वलाच्या नाकांत दोरी नव्हती, एवढाच काय तो फरक. १९७० च्या सुमारास कचऱ्याचे ढीग बंद केले, तेव्हां त्यांवर पोसलेलीं अस्वलें माणसांच्या वस्तीकडे वळलीं व त्यांतील बरींच मारलीं गेलीं. १९७५ सालीं तेथील ग्रिझली अस्वलास संकटग्रस्त म्हणून कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें.

आतां खाऊ चारण्यास सक्त मनाई आहे, आणि लांडगा व अस्वल यांपासून शंभर यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण नियमानें पशूचा संकोच परत येत नाहीं. शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानांत ३९९ क्रमांकाची एक मादी अस्वल होती. तिच्याइतकीं छायाचित्रें क्वचितच कोणा अस्वलाचीं निघालीं असतील. नर अस्वलें पिल्लांस मारतात आणि रस्त्यापासून सहसा दूर राहतात. म्हणून ती आपलीं पिल्लें रस्त्याच्या आसऱ्यानें वाढवीत असे, असें जाणते सांगतात. २०१६ सालीं तिचें एक पिल्लूं मोटारीखालीं मेलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, उद्यानाबाहेरच्या महामार्गावर ती स्वतःहि तशीच मेली. कोणा एका छायाचित्रकारास मी यासाठीं दोष देत नाहीं. रस्ता हा आसरा आहे असा तिचा जो समज झाला तो दृढ करण्यास हजारों हौशी माणसें वर्षानुवर्षें रस्त्यावर उभीं राहिलीं होतीं, एवढेंच मी म्हणतों.

मग पाहूंच नये कीं काय? अवश्य पाहावें, पण पाहणें व चित्र घेणें या दोन गोष्टींची गल्लत करूं नये. छायाचित्रकार ज्याला सहाशें मिलिमीटरचें भिंग म्हणतात व ज्याला तोफेसारखें खांद्यावर वाहतात, तें साध्या भिंगाच्या सुमारें बारापटच मोठें दाखवितें; तिवईवरची साधारण दुर्बीण वीसपासून साठपटीपर्यंत दाखविते. म्हणून दुर्बीणवाल्यास मैलभर अंतर पुरतें आणि कॅमेरेवाल्यास शंभर यार्डहि जास्त वाटतात. एका मे महिन्यांत मी दोन दिवस लामारच्या खोऱ्यांत पहाटेच्या गारठ्यांत उभा होतों. माझ्याजवळ दुर्बीण नव्हती. एका वृद्ध बाईंनीं आपली दिली. समोरच्या उतारावर पांच ठिपके होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनीं आपली तोफ रोखली, "फार लांब आहेत" म्हणून कुरकुर केली, आणि दहा मिनिटांत गाडी काढून ते निघून गेले. त्यानंतर एक काळा लांडगा ओढ्याच्या बाजूनें वर आला. एक लहानसर लांडगा शेपूट घालून, अंग चोरून त्याला सामोरा गेला व त्याचें तोंड चाटूं लागला. बाई म्हणाल्या, हें गेल्या वर्षींचें पिल्लूं. खायला मागत आहे. वडिलानें तें बराच वेळ सोसलें, मग मान फिरविली. आम्ही त्यांच्या आयुष्यांत नव्हतोंच, आणि त्यामुळेंच तें आम्हांस दिसत होतें.

जवळिकीची हांव शेवटीं कोठें जाते, याचा एक मासला सांगतों. २००९ सालीं लंडनच्या प्रसिद्ध वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेंत, रात्रीं फाटकावरून उडी घेणाऱ्या स्पेनमधील लांडग्याच्या चित्रास पहिलें बक्षीस मिळालें. पुढें तो लांडगा बहुधा पाळीव व शिकविलेला असावा असा परीक्षकांनीं निष्कर्ष काढला, आणि जानेवारी २०१० मध्यें बक्षीस काढून घेतलें. छायाचित्रास हवा असलेला लांडगा अखेर पाळावाच लागतो, दुसरें काय!

स्नेही म्हणतात, पंचवीस लांडगे मेले तेव्हां ओरड झाली आणि २०२२ सालीं सीमेलगतच्या पट्ट्यांत पुन्हां सहा लांडग्यांची मर्यादा घालण्यांत आली, ही छायाचित्रांचीच पुण्याई. थोडीफार असेलहि. परंतु मेलेला लांडगा कोणत्या टोळीचा, त्या टोळीची धुरा कोण वाहत होतें, तो गेल्यावर तिचें काय झालें, हें चित्रांत नसतें. तें वहींत असतें. रिक मॅकिंटायर हे निसर्गनिरीक्षक पंधरा वर्षें, एकहि दिवस न चुकवितां, दुर्बीण घेऊन लांडग्यांमागें गेले, दिसेल तें टिपून ठेवीत गेले, आणि त्या टिपणांतून त्यांनीं एकेका लांडग्याचें चरित्र लिहिलें. ८ क्रमांकाच्या लांडग्याचें चरित्र वाचलेल्या माणसास लांडगा म्हणजे काय हें माझ्या स्नेह्यांच्या साडेतीनशें चित्रांपेक्षां अधिक कळतें, असें मी त्यांना तोंडावर सांगितलें, व त्यांना रागहि आला.

ते पुढच्या वर्षीं पुन्हां जाणार आहेत. मीं माझी जुनी दुर्बीण त्यांना देऊं केली; सामानाचें वजन वाढेल म्हणून ती त्यांनीं घेतली नाहीं. या खेपेस फोनवर न भागवितां लांब भिंगाचा कॅमेरा मात्र त्यांनीं मागविला आहे, असें त्यांच्या घरून कळलें.