अनुभव : ‘काही नाही’?

नोकरीच्या अर्जाला बायोडाटा जोडताना आपली मुले ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘काही नाही’ असे लिहून मोकळी होतात. हे खरे आहे का? आयटीआय करून आलेला मुलगा विहिरीवरची मोटार दुरुस्त करतो, ठिबक सांभाळतो. मुलगी गावच्या दूध डेअरीत फॅट पाहून हिशेब लिहिते. हा अनुभवच आहे. तो काम, वर्ष आणि आकड्यासह मांडा : ‘२०२२ पासून घरच्या २ एकरांतील ठिबक संचाची जोडणी व देखभाल.’

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहा. आधार कार्डावर वेगळे असेल, तर आधी दुरुस्त करून घ्या. मोबाईल क्रमांक चालू असलेलाच द्या. एक पान पुरे. ज्या कामासाठी अर्ज आहे, त्याला लागणारे शिक्षण आणि अनुभव वर घ्या.

मात्र जे येत नाही, ते लिहू नका. टोमॅटोच्या जाळीत वर दिसतो तसाच माल खालीही असू द्या. व्यापारी जाळी उलटी करून पाहतो. मुलाखत घेणाराही तेच करतो.