रस्ता ओलांडणाऱ्यांचं काय?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. निमित्त आमच्या भाच्याचं. गणपतीला पुण्याहून गाडीने आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "आत्या, तुमचा हायवे आता बरा झालाय. पण लोकांना शिस्त नाही. कुठूनही रस्ता ओलांडतात."

चौतीस वर्षं मुलांना शिस्त लावलेल्या बाईला हे ऐकवलं! तेव्हा गप्प बसून मोदक वाढले. उत्तर इथे देते. (वाचतोयस ना रे?)

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून पावसाळ्यात खड्डे आणि गणपतीच्या तोंडावर ते बुजवायची घाई, हे आम्ही बघतो आहोत. त्यावर ओरड होते, ती योग्यच. पण ती सगळी गाडीत बसलेल्यांची! मुंबईहून गावी पोचायला किती तास लागले, एवढीच. गावातल्या माणसाला या बाजूहून त्या बाजूला जायला काय लागतं, हे कोणी विचारत नाही.

आमच्या वाडीचंच बघा. घरं अलीकडे, शाळा, दवाखाना, एस.टी.चा थांबा पलीकडे. रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला आणि ओलांडायची जागा गेली पाऊण किलोमीटरवर. म्हणजे समोर दिसणाऱ्या थांब्यासाठी दीड किलोमीटरचा वळसा, तोही ट्रकच्या वाऱ्यात, कारण चालायला कडेला जागाच ठेवलेली नाही. मग डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई दुभाजकावर चढते. शाळेची पोरंही चढतात. ही बेशिस्त? वर्गातल्या सगळ्याच मुलांचं एकच गणित चुकलं तर चूक शिकवणाऱ्याची असते, एवढं मी नोकरीत नक्की शिकले.

सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातलं एक! ती काय सगळी बेशिस्त होती?

"वेळ लागतो, पैसा लागतो," असं म्हणतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, माणसं वाहून गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरूसुद्धा झाला. मनात आणलं की होतं. गाड्या अडल्या की मनात येतं, माणसं अडली की येत नाही, एवढंच.

१४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की अडथळा नसलेला पदपथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आमच्या वाडीत पदपथ शोधून दाखवा!

माझं मागणं छोटं आहे. दुरुस्तीचा आराखडा कागदावर उतरवण्याआधी साहेबांनी शाळा सुटायच्या वेळी इथे यावं. गाडी लांब उभी करून, एका पोराचं बोट धरून रस्ता ओलांडावा. मग ठरवावं, भुयारी वाट कुठे हवी, वेग कुठे उतरवायचा, दिवे कुठे लावायचे. खड्डे बुजवाच, पण नुसते खड्डे बुजवले तर गाड्या आणखी जोरात येतील आणि ओलांडणारा आणखी अडेल.

असो. भाच्या, पुढच्या खेपेला गाडी पलीकडे लाव आणि चालत ये. मोदक तयार ठेवते.