घास अडकतो? ‘मनाचे आहे’ म्हणण्यापूर्वी...

बत्तीस वर्षांची एक गृहिणी बरीच वर्षे माझ्या दवाखान्यात येत असे. तक्रार एकच, “डॉक्टर, भाकरीचा घास छातीत अडकतो.” मी आम्लपित्ताच्या गोळ्या देत असे. प्रत्येक घासाला तिला पाणी लागे, पंगतीतून ती सर्वांत शेवटी उठे. सासरी त्याला ‘नखरे’ म्हणत. दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल नॉर्मल आला, तेव्हा “टेन्शन घेऊ नका” असे सांगून मीही मोकळा झालो.

पुढे एका लग्नात घास असा अडकला की, तिला लाळही गिळता येईना. रात्रीच दुर्बिणीतून तो काढावा लागला. नंतर बेरियमचा एक्स-रे काढला आणि अन्ननलिकेचा मधला भाग अरुंद दिसला. हा दोष जन्मजात होता.

माझे चुकले कोठे? “हे कधीपासून होते?” हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. “आठवते तेव्हापासून,” हे तिचे उत्तर निदानाची दिशा दाखवणारे होते. असा दोष बहुधा बाळाला वरचे अन्न सुरू केल्यावर लक्षात येतो. पण अरुंदपणा थोडा असेल तर माणूस बारीक घास, भरपूर चावणे, वर पाणी अशी सवय लावून घेतो आणि निदानाविना मोठा होतो.

मग दुर्बिणीत दोष का दिसला नाही? हिशेब सोपा आहे. अन्ननलिका सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली की घट्ट घास अडकू लागतो. दुर्बिणीची नळी मात्र ९-१० मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे अकरा मिलिमीटरच्या जागेतून दुर्बीण विनासायास जाते, भाकरी जात नाही!

येथे बेरियमची जुनी, तुलनेने स्वस्त तपासणी उपयोगी पडते. रुग्ण पांढरे औषध गिळत असताना क्ष-किरणतज्ज्ञ पडद्यावर ते उतरताना पाहतात. जन्मजात दोषात गुळगुळीत अरुंद भाग आणि बऱ्याचदा त्यावर जवळजवळ असलेली वलये दिसतात. पातळ बेरियम सहज निसटते, म्हणून सोबत पावाचा तुकडा किंवा बेरियमची गोळी द्यावी लागते. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की चिठ्ठीवर नुसते ‘बेरियम’ लिहू नका. ‘लहानपणापासून घट्ट अन्न अडकते’ हेही लिहा.

मात्र एक्स-रेवर थांबू नये. अशीच वलये अ‍ॅलर्जीशी संबंधित असलेल्या इओसिनोफिलिक दाहातही दिसतात आणि त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून दुर्बिणीतून तुकडा काढून तपासावाच लागतो. दुर्बिणीतूनच केलेल्या सोनोग्राफीत भिंतीतील स्नायू जाड आहे की कूर्चा आहे, हे कळू शकते. फुग्याने नळी रुंद करताना ती फाटण्याचा धोका असतो, कूर्चा असेल तर अधिकच. म्हणून हे आधी माहीत असलेले बरे.

एक इशारा. चाळिशीनंतर घास नव्याने अडकू लागला, त्रास वाढत गेला, वजन घटले, तर तो जन्मजात दोष समजून बसू नका. कर्करोगाची शक्यता असते. दुर्बिणीची तपासणी विनाविलंब करावी.

त्या बाईंची नळी टप्प्याटप्प्याने रुंद केली. आज त्या सर्वांबरोबर पानावरून उठतात. तुमच्या घरात कोणी सावकाश जेवत असेल, तर रागावण्याआधी एवढेच विचारा, “घास अडकतो का? कधीपासून?”