विश्लेषण : तत्काळच्या गर्दीत सर्व्हर नेमका कुठे अडतो? ‘कनेक्शन पूल’ आणि ‘कॅशे’ या दोन सेटिंगची कहाणी

सकाळचे १० वाजून काही सेकंद झालेले असतात. एसी तत्काळचे बुकिंग सुरू होते. प्रवाशांची नावे आधीच भरून ठेवलेली, इंटरनेटही चांगले, तरी स्क्रीनवरचे चक्र फिरतच राहते. दोन मिनिटांनी पान उघडते तेव्हा प्रतीक्षायादी सुरू झालेली असते. मग समाजमाध्यमांवर नेहमीचा स्क्रीनशॉट आणि नेहमीचा सवाल : एवढा पैसा घेतात, मग सर्व्हर का वाढवत नाहीत?

क्षमता वाढली की नाही?

वाढली आहे. २०१४ मध्ये आयआरसीटीसीची नवी ई-तिकीट यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला २ हजार तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एकाच मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली आणि रेल्वेने तो विक्रम म्हणून जाहीर केला. त्यानंतर महिन्याभराने नव्या आरक्षण यंत्रणेचे लक्ष्य सांगण्यात आले : मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे आणि ४० लाखांहून अधिक चौकश्या. त्यावेळची क्षमता अनुक्रमे ३२ हजार आणि ४ लाख होती.

म्हणजे तिकिटे साधारण पाचपट, पण चौकशी दहापट. असे का? ‘या गाडीला जागा आहे का’ याचे उत्तर एकदा काढून अनेकांना देता येते. ‘ही जागा मला द्या’ याचे उत्तर मात्र प्रत्येकासाठी नव्याने, मूळ नोंदवहीत लिहूनच द्यावे लागते. पहिले काम कॅशेचे, तर दुसरे डेटाबेसचे.

पूल म्हणजे काय?

मोठ्या संकेतस्थळांवर तुमचा मोबाइल थेट डेटाबेसशी बोलत नाही. मध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर’ असतो. तो विनंती घेतो, डेटाबेसला विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. डेटाबेसशी नवी जोडणी करायला वेळ आणि मेमरी लागते. ओळख पटवणे, पासवर्ड तपासणे हे सोपस्कार त्यात आले. म्हणून काही जोडण्या उघडूनच ठेवतात. विनंती आली की एक घ्यायची आणि काम झाले की परत ठेवायची. शेअर रिक्षाच्या स्टँडसारखेच हे : रिक्षा ठरावीक, सवारी सोडून आली की पुढच्याला मिळते. या साठ्याला कनेक्शन पूल म्हणतात.

पूल किती मोठा असावा, ही सेटिंग साधी दिसते. वेबस्फिअर या जुन्याजाणत्या सर्व्हरमध्ये मूळ कमाल मर्यादा १० जोडण्यांची असते, जावाच्या जगात लोकप्रिय असलेल्या हिकारीसीपीमध्येही १०. बदल केला नाही, तर हजारो माणसांची रांग या दहांपुढे लागते.

थोडे कागदावरचे गणित. पूलमध्ये ५० जोडण्या आहेत आणि एका कामाला २० मिलिसेकंद लागतात असे धरू. एक जोडणी सेकंदाला ५० कामे उरकते, ५० जोडण्या २,५००. मिनिटाला झाली दीड लाख! आता गर्दीमुळे डेटाबेस मंदावला आणि त्याच कामाला २०० मिलिसेकंद लागू लागले. तेवढ्याच जोडण्यांतून मिनिटाला १५ हजारच कामे निघतील. (खऱ्या आरक्षणात एका तिकिटासाठी अशी अनेक कामे होतात, त्यामुळे हिशोब आणखी घट्ट असतो.)

मग पूल ५०० चा का करत नाहीत?

बहुतेकांना हाच उपाय सुचतो आणि बहुतेकदा तो अंगाशी येतो. डेटाबेस सर्व्हरमध्ये प्रोसेसरचे कोअर मोजकेच असतात. एका क्षणी खरे काम तेवढेच होते, बाकीच्या जोडण्या एकमेकींना ढकलत उभ्या राहतात. ओरॅकलच्या अभियंत्यांचे एक प्रात्यक्षिक या क्षेत्रात वारंवार दाखवले जाते. त्यात पूल २,०४८ वरून ९६ पर्यंत कमी केला आणि प्रतिसादाचा वेळ सुमारे १०० मिलिसेकंदांवरून २ मिलिसेकंदांच्या आसपास आला. बाकी काहीही बदलले नव्हते.

शिवाय तत्काळची गर्दी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. गणपतीच्या आधी कोकणकन्या एक्स्प्रेसच्या स्लीपरवर हजारो जण एकाच सेकंदाला तुटून पडतात, तेव्हा सगळ्यांना बदल करायचा असतो तो त्याच एका कोट्याच्या नोंदीत. एकच बर्थ दोघांना जाऊ नये म्हणून डेटाबेस ती नोंद एका वेळी एकाच्याच हाती देतो. तिथे पूल कितीही फुगवला तरी रांग एकेरीच राहते.

आणखी एक सेटिंग कमी चर्चेत असते : जोडणी मिळेपर्यंत किती थांबायचे? वेबस्फिअरमध्ये मूळ मुदत १८० सेकंदांची, हिकारीसीपीमध्ये ३० ची. तत्काळसाठी बसलेला माणूस तीन मिनिटे कुठला थांबतोय? पाचव्या सेकंदाला तो पान रिफ्रेश करतो. पण त्याची जुनी विनंती सर्व्हरवर रांगेतच असते, वर नवी येऊन उभी राहते. एका माणसाच्या चार विनंत्या होतात आणि त्यांतल्या तिघींचे उत्तर पाहायला कुणीच नसते. अशा वेळी मुदत छोटी ठेवून ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे लगेच सांगणे प्रवाशाला उद्धट वाटते, यंत्रणेला मात्र तेच वाचवते.

पेमेंटचेही तसेच. ओटीपी शोधण्यात मिनिट जाते. तेवढा वेळ जोडणी अडवून ठेवली, तर पन्नास जणांनीच अख्खा पूल अडेल. म्हणून प्रवासी बँकेच्या पानावर गेला की जोडणी परत करावी लागते. सिनेमाच्या तिकिटांची संकेतस्थळे खुर्ची काही मिनिटे राखून ठेवतात, तेही वेळेची खूण करून, जोडणी धरून नव्हे. आयआरसीटीसीवर बर्थ पक्का होतो पैसे भरल्यानंतर. त्यामुळेच ‘पैसे कापले, तिकीट नाही, परतावा येईल’ हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो.

कॅशे कुठे उपयोगी, कुठे घातक?

कॅशे (पैशांची कॅश नव्हे) म्हणजे काढून ठेवलेले उत्तर. उपाहारगृहाच्या दारातला फळा आठवा. प्रत्येक गिऱ्हाईक मुदपाकखान्यात डोकावत नाही, फळा वाचते. मात्र थालीपीठ संपले आणि फळा पुसला गेला नाही, तर वाद होणारच.

फळा किती वेळाने पुसायचा, हीच कॅशेची मुख्य सेटिंग. स्थानकांची यादी, वेळापत्रक दिवसभर ठेवले तरी चालते. उपलब्ध जागांचा आकडा गर्दीच्या वेळी काही सेकंदांतच शिळा होतो. अनेक तिकीट अ‍ॅपवर उपलब्धतेखाली बारीक अक्षरात ‘अमुक मिनिटांपूर्वीची माहिती’ असे लिहिलेले असते. तो कॅशेच उघड्या डोळ्यांनी दिसतो. ‘२४ जागा’ पाहून पैसे भरावेत आणि हाती प्रतीक्षायादी यावी, यामागे दर वेळी घोटाळाच असतो असे नाही.

२०१४ च्या यंत्रणेत आयआरसीटीसीने जेमफायर हे मेमरीत माहिती ठेवणारे तंत्र आणले, ते मूळ डेटाबेसवरचा हाच भार हलका करण्यासाठी. पण त्यातही एक मेख असते. सगळी साठवलेली उत्तरे नेमकी १० च्या ठोक्याला कालबाह्य झाली, तर सगळ्या विनंत्या एकदम डेटाबेसवर कोसळतात. म्हणून मुदती थोड्या मागेपुढे ठेवतात आणि गरजेच्या जोडण्या ९.५५ लाच उघडून ठेवतात.

आधारची सक्ती कशासाठी?

रेल्वेच्याच सांगण्यानुसार पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे होते. निम्मी रांगच खोटी असेल, तर पूलची कुठलीही सेटिंग अपुरीच पडते. म्हणून बॉट रोखणारी यंत्रणा आली, अडीच कोटी संशयास्पद खाती बंद झाली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारशी जोडलेले खाते सक्तीचे झाले आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आली.

दीड लाखांची क्षमता आल्यावर चक्र कमी फिरेल. बर्थ मात्र स्लीपरच्या एलएचबी डब्यात ८०च असतात. गणपतीच्या आठवड्यातली प्रतीक्षायादी मग दोन मिनिटांऐवजी दोन सेकंदांत दिसेल.