लेबल हवंय, पण तोपर्यंतचं काय?

'ऑरगॅनिक' लेबल दिसलं की आपण जास्तीचे पैसे मोजतो. पण पेठच्या सातगाव पठारावरच्या बटाटा उत्पादकाला ते लेबल मिळेपर्यंत काय सोसावं लागेल? रासायनिक खत सोडलं की सुरुवातीला उत्पादन घटतं. प्रमाणपत्र नसल्याने भाव मात्र नेहमीचाच. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना 2015 पासून आहे. तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये, त्यातले निविष्ठांसाठी थेट खात्यात 15,000. म्हणजे वर्षाला एकरी जेमतेम दोन हजार! सरकारने ही घट भरून निघेल एवढी मदत द्यायलाच हवी. आणि आपण? पीजीएस प्रमाणपत्रासाठी शेतकरी गटाला नोंदी ठेवाव्या लागतात, पोर्टलवर भराव्या लागतात. एनएसएसच्या पुढच्या शिबिरात एवढं तर आपण नक्कीच करू शकतो!