वाटेवरच्या भिंती

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीने तयार केलेल्या आणि 2020 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या अद्भुतरम्य साहसी व्हिडिओ गेममध्ये, असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी दुर्गेच्या त्रिशूळानिशी लढते, तथापि या गेमचे मोल केवळ लढाईत नाही. वाटेवरच्या भिंतींवर पुराणकथांची चित्रे असून, खेळणारा त्यांच्यापाशी थांबला तरच त्या कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडतात. न थांबता पुढे गेल्यास काहीच अडत नाही, आणि म्हणूनच हा तपशील सहज निसटतो. भोवतालच्या वास्तूंतून व वस्तूंतून कथा सांगण्याच्या या रीतीला परिसरकथन म्हणता येईल.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला ही रीत अपरिचित वाटू नये. वेरूळच्या 16 व्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे राष्ट्रकूटकालीन कैलास मंदिरात, रावण पर्वत हलवतो त्या शिल्पात शिवाला बिलगलेली पार्वती बहुतेकांना दिसते. परंतु तिच्यामागे पळत सुटलेली दासी, जिच्या धावण्यातून हादऱ्याची खरी तीव्रता कळते, ती घाईतल्या पर्यटकाच्या ध्यानात येतेच असे नाही.

गेमचे परीक्षण करताना वेग आणि चित्रांची सफाई यांच्याबरोबर असे तपशीलही जोखले गेले पाहिजेत, आणि वाचकांनीही शत्रू संपताच पुढे न धावता भिंतीकडे एकवार पाहावे.