दार उघडण्यापूर्वीचा तास

बडोद्यातील पुष्कळशा मराठी घरांतून आता एक तरी मूल सातासमुद्रापार गेलेले असते, आणि मग केव्हातरी आईवडिलांनाही चार-सहा महिन्यांसाठी तिकडे जाणे प्राप्त होते. तिकडचा हिवाळा, तिकडचे दवाखाने, सोबत न्यावयाची औषधे यांविषयी या सदरातून आम्ही पूर्वी लिहिले आहे. आजचा विषय त्या मानाने पोरकट वाटेल. मुले सुट्टी काढून आपल्याला फ्लॉरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये नेतात, तो दिवस कसा आखावा, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु त्या एका दिवसासाठी तिकिटे, विमानभाडे आणि मुलाच्या वर्षभराच्या रजेतले मोजके दिवस खर्ची पडतात. तो वाया गेला तर घरात कोणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणेच अधिक लागते. हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत.

डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि साडेतीन वर्षांची नात असे तेथे गेलो. मुक्काम भाड्याच्या घरात होता. चिरंजिवांनी आदल्या रात्री सांगितले होते की साडेसहाला निघावयाचे. आम्ही म्हटले, बागच पाहावयाची आहे ना, ती काय पळून जाते? सकाळी स्नाने झाली, देवापुढे दिवा झाला, चहा झाला, आणि बाहेरचे महागडे खाणे कशाला म्हणून आम्ही पोळ्या लाटावयास बसलो. निघावयास साडेनऊ वाजले आणि दाराशी पोहोचावयास साडेअकरा. त्या दिवशी रात्रीपर्यंत चार खेळ पाहून झाले. उरलेला सारा वेळ रांगेत गेला. परतताना गाडीत चिरंजीव एक शब्दही बोलले नाहीत. दोष सर्वस्वी आमचा होता.

नंतर सूनबाईंकडून कळले ते मात्र आम्हांला फार दिवस बोचत राहिले. चिरंजीव लहान असताना रविवारी भल्या सकाळी आम्ही त्यांना कमाटीबागेत नेत असू. झुकझुकगाडीची पहिली फेरी मिळावी, पुढच्या डब्यात खिडकीशी जागा मिळावी, म्हणून तिकिटाची खिडकी उघडण्याआधीच आम्ही तेथे उभे असू. त्याचीच परतफेड त्यांना करावयाची होती. म्हणजे जी विद्या आम्हीच शिकविली, तीच आम्ही विसरलो होतो.

जून २०२४ मध्ये पुन्हा जाण्याचा योग आला. या खेपेस आम्ही आधी नीट माहिती करून घेतली. तीच येथे देत आहोत.

वॉल्ट डिस्ने यांचे पहिले उद्यान १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडले. फ्लॉरिडातील हे दुसरे १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. ते पाहावयास वॉल्ट उरले नव्हते, १९६६ सालीच त्यांचे निधन झाले होते, आणि थोरले बंधू रॉय यांनी ते काम पुरे केले. उद्यानाची रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दारातून आत गेले की एक सरळ बाजारपेठ लागते. तिच्या टोकाशी सिंड्रेलाच्या किल्ल्यापुढे मोठा चौक आहे, आणि त्या चौकातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निरनिराळ्या विभागांकडे वाटा फुटतात. डावीकडे ॲडव्हेंचरलँड, किल्ल्यामागे फँटसीलँड, उजवीकडे टुमॉरोलँड. हा नकाशा मनात पक्का असला म्हणजे सकाळच्या घाईत चौकात उभे राहून वाद घालावा लागत नाही.

आता रांगेचे गणित. एखाद्या खेळात तासाला हजार माणसे बसू शकतात असे धरा. पहिल्या तासात पंधराशे आली, तर तासाच्या अखेरीस पाचशे रांगेत उरतात. त्या वेळी येणाऱ्याने अर्धा तास उभे राहावयाचे. दुसऱ्या तासातही पंधराशेच आली तर उरलेली हजार होतात, आणि प्रतीक्षा तासाची होते. गर्दी वाढली नाही, यंत्रही बिघडले नाही, तरी रांग फुगतच जाते, कारण मागची बाकी फिटत नाही. सावकाराच्या व्याजासारखेच हे आहे. दुपारी येणारा माणूस सकाळी आलेल्या सर्वांची बाकी फेडीत उभा असतो. दार उघडताना मात्र बाकी शून्य असते. पहिल्या दहा मिनिटांत पोहोचणाऱ्याला जवळजवळ थांबावेच लागत नाही. डाकोरला मंगलेच्या दर्शनाला जाणाऱ्या मंडळींना हे सांगावयास नको.

तेव्हा प्रश्न उरतो तो दार उघडण्याआधी दाराशी असण्याचा, आणि येथे बहुतेकांची फसगत होते. उद्यान नऊला उघडते असे वाचून लोक नऊला गाडी लावतात. परंतु मॅजिक किंगडमचा वाहनतळ उद्यानाच्या दाराशी नाही. मध्ये एक मोठे तळे आहे. गाडी लावावयाची, तेथून तळ्याकाठच्या स्थानकापर्यंत जावयाचे, पिशव्यांची तपासणी करून घ्यावयाची, आणि मग मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जावयाचे. भाड्याच्या मोटारीने जाणाऱ्यालाही सामान्यतः तळ्याच्या याच काठी उतरावे लागते. एवढ्या सोपस्कारांना पाऊण तास धरावा. लहान मूल किंवा म्हातारे माणूस सोबत असेल तर तासच. डिस्नेच्या स्वतःच्या निवासांत उतरलेल्यांना बस थेट दाराशी सोडते, हे एक सुख. उघडण्याची वेळही रोज एकच नसते; कधी आठ, कधी नऊ. आदल्या दिवशी डिस्नेच्याच पत्रकात किंवा फोनवरील ॲपमध्ये पाहून घ्यावी, शेजाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये.

त्या निवासांत राहणाऱ्यांना आणखी एक सवलत आहे. त्यांना इतरांपेक्षा अर्धा तास आधी काही खेळ खुले होतात, आणि ते असतात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड या भागांत. येथे विचार करावयाचा. आपण बाहेर उतरलो असू आणि नऊच्या ठोक्याला फँटसीलँडकडे धावलो, तर तेथे अर्ध्या तासाची बाकी आधीच साचलेली असते. अशांनी सरळ डावी वाट धरावी. आम्ही तसेच केले. चौकात दोर धरून कर्मचारी उभे होते. वेळ झाली तसे ते दोर घेऊन संथपणे पुढे चालू लागले आणि मागून सारा समुदाय. जंगल क्रूझची होडी आम्हांला पाहता पाहता मिळाली, आणि पाठोपाठ समुद्री चाच्यांची. त्याच होडीसाठी मागच्या खेपेस आम्ही तास सव्वा तास उभे होतो.

कोणता खेळ आधी घ्यावा याविषयी लोकांची समजूत अशी की जो सर्वांत प्रसिद्ध तो आधी. आमचे मत वेगळे आहे. ज्याची रांग सर्वांत हळू सरकते तो आधी घ्यावा. पीटर पॅनचा खेळ पाहा. लहानशी नौका रात्रीच्या लंडनवरून उडत जाते; नौका लहान, माणसे थोडी, आणि म्हणून रांग दिवसभर हटत नाही. उलट जगभरच्या बाहुल्या गाताना दाखविणाऱ्या ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ मध्ये मोठ्या होड्या एकामागून एक सुटतात. त्यासाठी सकाळचा मोलाचा वेळ दवडू नये. सात बुटक्यांच्या खाणीची गाडी २०१४ पासून आहे आणि तिची ओढ अजून कमी झालेली नाही. निवासात उतरलेल्यांनी आपल्या अर्ध्या तासात तीच गाठावी. इतरांनी ती रात्रीसाठी ठेवावी.

पूर्वी, १९९९ पासून, डिस्नेच्या उद्यानांत रांग चुकविण्याचा फास्टपास नावाचा फुकट परवाना मिळत असे. २०२० च्या साथीत तो बंद पडला तो कायमचाच. २०२१ पासून त्याऐवजी पैसे भरून वेगळ्या रांगेतून जाण्याची सोय आली. २०२४ पासून ती लायटनिंग लेन या नावाने आहे. तिचा दर दिवसागणिक बदलतो आणि माणशी द्यावा लागतो. पाच माणसांच्या कुटुंबाला तो खर्च लहान नाही. ज्यांना लवकर उठणे शक्यच नाही त्यांनी तो जरूर करावा. आम्हांला वाटते, पहाटे उठणारे मराठी घर तो बव्हंशी वाचवू शकते.

आणि उठण्याची तर आपल्याला आयतीच मदत असते! फ्लॉरिडात उन्हाळ्यात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा बडोद्यात दुपारचा साडेबाराचा सुमार असतो. भारतातून नुकत्याच गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीन-साडेतीनलाच टक्क जाग येते. एरवी ही पीडा वाटते. मुलांची झोप मोडू नये म्हणून आपण अंधारात छताकडे पाहत पडून राहतो. शक्य असेल तर हे पर्यटन त्याच आठवड्यात करवून घ्यावे. मात्र त्याच हिशेबाने दुपारी तीनला आपल्या देहाची मध्यरात्र होते, हेही विसरू नये. आम्ही एक वाजता बाहेर पडलो, घरी जाऊन झोपलो, आणि सायंकाळी पुन्हा आलो. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येते. जूनमध्ये तेथे दुपारी आकाश भरून येते, विजा कडाडतात, आणि विजा असल्या की उघड्यावरचे खेळ थांबवितात. ती वेळ बिछान्यात घालविणेच शहाणपणाचे.

शिदोरीविषयी आमच्या भगिनींना उत्सुकता असेल. घरचे खाणे आत नेता येते. काचेची भांडी आणि मद्य नेता येत नाही. तेव्हा लोणच्याची काचेची बरणी घरीच ठेवावी. आम्ही आदल्या रात्री दशम्या केल्या, लसणीची चटणी केली, गुळाचा खडा घेतला. दशमी दिवसभर मऊ राहते आणि रांगेत उभ्या उभ्या खाता येते. पोळीभाजीचा हट्ट पहिल्या खेपेस आम्हांला दीड तासाला पडला होता. पाणी विकत घेण्याचे कारण नाही. जेथे पेये मिळतात अशा खाद्यगृहांच्या खिडकीशी मागितले असता बर्फाचे पाणी पेलाभर विनामूल्य देतात.

लहान मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट, पण ती निघण्यापूर्वी करावी. पुष्कळ खेळांना उंचीची अट आहे. खाणीच्या गाडीला ३८ इंच, स्पेस माउंटनला ४४, आणि २०२३ साली सुरू झालेल्या ट्रॉनला ४८. रांगेच्या तोंडाशीच माप घेतात, आणि त्यात दयामाया नसते. नसावीही, कारण बसण्याची बंधने त्या मापाला धरून असतात. २०२२ साली आमची नात अर्ध्या इंचाने कमी भरली. घरापासून आम्ही तिला त्या गाडीच्या गोष्टी सांगत आलो होतो, आणि ती तेथे जी रडली ते रडणे आम्ही मोजपट्टी आधी न घेतल्याचे होते. मूल लहान असेल तर थोरांना आळीपाळीने बसता येते: एकाने मुलाजवळ थांबावे, पहिला परतला की दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. दाराशीच तसे सांगावे लागते. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही.

वृद्धांसाठी चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. ती घेण्यात आपल्याला कमीपणा वाटतो. आमच्यापैकी एकाचे गुडघे दुखरे आहेत. पहिल्या खेपेस खुर्ची नाकारली आणि पुढचे आठ दिवस शेक घेत काढले. दुसऱ्या खेपेस घेतली. टुमॉरोलँडमध्ये १९७५ पासूनची एक उंचावरून संथ फिरणारी पीपलमूव्हर नावाची गाडी आहे, तीत सावली असते, वारा लागतो, धक्का नसतो. मात्र चढताना सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवावा लागतो, तेव्हा कोणाचा तरी हात धरावा.

त्या दिवशी दुपारी एकपर्यंत आमचे सात खेळ झाले होते. खाणीची गाडी रात्री आतषबाजीच्या वेळी मिळाली. सारे लोक किल्ल्याकडे पाहत उभे होते, तेव्हा रांग ओसरली होती. नातीची उंची आता एक्केचाळीस इंच भरली. चिरंजीव तिला म्हणाले, तू आजोबांबरोबर बस, पुढच्या डब्यात.